काठी, बिघा आणि अण्णाजी दत्तो

अण्णाजी दत्तो हे नाव उच्चारले की मराठी माणसाला आठवतो तो कट आणि त्यामागोमाग हत्तीचा पाय. ऐतिहासिक नाटकांनी आणि कादंबऱ्यांनी या माणसाला रंगभूमीवरचा ठरलेला खलपुरुष करून टाकले. पुढे चित्रपटांनी त्याच चित्रावर आणखी एक हात मारला. राजद्रोहाचा आरोप खोटा होता असे म्हणण्याचे कारण नाही. तो प्रसंग पुढे येईलच. परंतु ज्या माणसाने आयुष्याची वीसेक वर्षे स्वराज्याच्या दप्तरात आणि तळकोकणच्या शेतबांधांवर घालविली, त्याची ओळख अखेरच्या दीड वर्षावरून ठरावी, हे इतिहासाच्या वाचकाला पटणारे नाही. रत्नागिरी जिल्ह्याच्या दृष्टीने तर अण्णाजींचे खरे काम वेगळेच आहे. भातखाचरे नजरेच्या अंदाजाने न ठरविता लांबीरुंदीने मोजावीत, त्यावरून क्षेत्र काढावे आणि मग रयतेचे देणे ठरवावे, ही पद्धत या मुलखात शिवकाळात रुजविण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते.

अण्णाजी मूळचे संगमेश्वरचे देशकुलकर्णी. प्रभुणीकर हे त्यांचे उपनाम. शास्त्री आणि सोनवी या नद्यांच्या संगमावर वसलेले संगमेश्वर हे त्या काळी घाटावरून बंदराकडे जाणाऱ्या वाटेवरचे महत्त्वाचे ठाणे होते. देशकुलकर्णी म्हणजे परगण्याच्या हिशेबाचा वतनदार लेखक. कोणत्या गावचा वसूल किती, कोणती जमीन पड, कोणती लागवडीची, कोणाचे वतन कोठवर, हे त्याच्या रुमालात बांधलेले असे. वतनदार घराण्यात जन्मलेल्या मुलाला हे सारे अक्षरओळखीबरोबरच समजत असणार. जमिनीचे आकडे कसे लिहितात, तसेच ते कसे लपवितात, हेही त्यांना ठाऊक असले पाहिजे. पुढे त्यांनी ज्यांच्या अधिकाराला कात्री लावली, त्यांत त्यांच्याच वर्गातले लोक होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

इ. स. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी दक्षिण कोकणावर स्वारी केली. दाभोळ, संगमेश्वर, राजापूर हा पट्टा आणि शृंगारपूरच्या सुर्व्यांचा प्रभावळीचा मुलूख स्वराज्यात आला. मुलूख जिंकणे आणि मुलूख चालविणे या दोन भिन्न विद्या आहेत. आदिलशाहीच्या अमलात येथील गावांचा वसूल देशमुख, देसाई, खोत अशा स्थानिक बलवंतांच्या हातून जात असे. वरच्या सत्तेला ठराविक रक्कम पोचली की खाली कुणबी काय देतो, हे विचारण्याची तिला गरज भासत नसे. गावावर एकूण आकार किती आहे हे ठाऊक असे. मात्र अमुक कुळाच्या अमुक खाचरावर किती, याचे उत्तर मधला माणूस देई आणि ते दरसाल बदलू शके.

जमीन मोजण्याच्या रूढ पद्धतीही या संदिग्धतेला पोषकच होत्या. शेत किती मोठे, असे विचारले तर शेतकरी त्यात किती बी पडते ते सांगे. मणाचे शेत, खंडीचे शेत, अशी ही भाषा होती. कोठे नांगरावर हिशेब होई, कोठे बैलजोडीवर. ही मापे निरुपयोगी नव्हेत. लागवडीला किती बी लागेल, किती दिवसांचे काम आहे, हे त्यांतून लगेच कळते. पण ती क्षेत्रफळाची मापे नव्हेत. एकाच आकाराच्या दोन खाचरांत पेरणाऱ्याच्या हातानुसार आणि जमिनीच्या पोतानुसार बियाण्याचे प्रमाण वेगळे पडते. मग ज्याच्याकडे कमी बी लागते तो कमी जमिनीचा धनी ठरतो का? असा वाद उभा राहिला की निकाल ज्याच्या हाती बळ त्याच्या बाजूने लागे.

स्वराज्याने या ठिकाणी काठी आणली. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत तिचे प्रमाण नोंदले आहे. पाच हात आणि पाच मुठी मिळून एक काठी. हात चौदा तसूंचा. हात व मुठी मिळून काठीची लांबी ८२ तसू. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद एवढी जमीन म्हणजे एक बिघा आणि १२० बिघे म्हणजे एक चावर. पूर्वी मोजणीला दोरी वापरीत. दोरी ओली झाली की आखडते, ताणली की लांबते. उत्तरेत अकबराच्या काळात तोडरमलाने हेच ओळखून दोरीऐवजी लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूंची जरीब सुरू केली होती. वर्षातले चार महिने पावसात भिजणाऱ्या कोकणात तर दोरीवर विसंबणे म्हणजे हवामानावर सारा ठरविण्यासारखेच.

काठी ही लांबीचे माप आहे आणि बिघा हे क्षेत्राचे. ही गोष्ट सांगायला सोपी वाटते, पण व्यवहारात येथेच घोटाळे होतात, आजही होतात. बिघ्याचे वीस भाग केले की एका भागाला पांड म्हणत. पांड म्हणजे वीस काठ्या लांब आणि एक काठी रुंद असा पट्टा. असे वीस पट्टे शेजारी शेजारी ठेवले की बिघा पुरा होतो, म्हणजे त्यात ४०० चौरस काठ्या बसतात. आता एखाद्याच्या खाचराची प्रत्येक बाजू दहा काठ्यांची असेल तर ते बिघ्याच्या निम्मे आहे असे सहज वाटते. प्रत्यक्षात दहा गुणिले दहा म्हणजे शंभर चौरस काठ्या. तो बिघा अर्धा नव्हे, पाव आहे. बाजू निम्मी झाली की क्षेत्र चौथाई होते. बांधावरून फेरी मारून शेताचा अंदाज घेणाऱ्याची फसगतही अशीच होते. वीस बाय वीस काठ्यांच्या शेताचा बांध ८० काठ्यांचा. पऱ्ह्याच्या काठाने गेलेल्या ३५ काठ्या लांब आणि पाच काठ्या रुंद शेताचा बांधही ८० काठ्यांचाच. पण पहिल्यात ४०० चौरस काठ्या जमीन आहे आणि दुसऱ्यात अवघी १७५. दोघांकडून सारखा सारा घेतला, तर दुसऱ्यावर होणारा अन्याय त्याला जाणवेल, पण आकड्यावाचून सिद्ध करता येणार नाही.

आजच्या मापात हा बिघा केवढा? हात अठरा इंचांचा धरला, तर ८२ तसूंची काठी पावणेनऊ फुटांहून किंचित अधिक भरते. बिघ्याची बाजू सुमारे १७६ फूट आणि क्षेत्र सुमारे ३१ हजार चौरस फूट, म्हणजे २८ गुंठ्यांच्या आसपास येते. हाताची लांबी जागोजाग थोडी बदलत असल्याने बिघाही बदलतो, पण पाऊण एकराच्या आगेमागे तो राहतो.

हाताच्या या बदलावरून काठीचे प्रमाण दरबाराने का बांधून दिले ते उमगते. काठी एका तसूने, म्हणजे जेमतेम सव्वा इंचाने, आखूड केली तर काय होईल? लांबीतला फरक ८२ त एक आहे. मोजणीत मात्र लांबीही आखूड काठीने होते आणि रुंदीही. त्यामुळे चूक एकदा न होता दोनदा होते. ८२ तसूंच्या काठीने जी जमीन १२० बिघे भरते, तीच ८१ तसूंच्या काठीने जवळजवळ १२३ बिघे भरेल. एका चावरामागे तीन बिघ्यांचा वाढीव सारा रयतेच्या अंगावर पडेल आणि जमीन तर तसूभरही वाढलेली नसेल. उलट काठी लांब झाली की तेवढाच तोटा सरकारचा. जुलूम करण्यासाठी तलवार उपसण्याची गरज नसते, काठीचे टोक तासले तरी पुरे, हे कोकणातला कुणबी आणि संगमेश्वरचा देशकुलकर्णी दोघेही जाणून असणार.

शेत नीट चौकोनी असेल तोवर लांबी गुणिले रुंदी हा हिशेब निभावतो. कोकणात तसे शेत सापडणे मुष्कील. डोंगरउताराला बांध घालून काढलेली खाचरे, वहाळाच्या वळणाने वाकलेले मळे, खाडीकाठची खाजणे, सारेच वेडेवाकडे. चौकोनाच्या समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून त्या दोन सरासरींचा गुणाकार करण्याची एक स्थूल रीत आपल्याकडे फार प्राचीन आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ती स्थूल म्हणूनच दिली आहे. या रीतीची गोम अशी, की आयत सोडला तर ती प्रत्येक चौकोनाचे क्षेत्र खऱ्याहून जास्त दाखविते, कमी कधीच नाही. म्हणजे चूक नेहमी सरकारच्या पथ्यावर पडणारी. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी लीलावतीमध्ये बजावून ठेवले आहे, की चार बाजू कळल्या एवढ्याने चौकोनाचे क्षेत्र ठरत नाही, कर्ण किंवा लंब माहीत हवा. वीस वीस काठ्यांच्या चार बाजू काटकोनात जोडल्या तर पुरा बिघा होतो. त्याच बाजू कलत्या करून एक कोन तीस अंशांचा केला तर क्षेत्र अर्धा बिघा उरते. स्थूल रीत दोन्ही वेळा बिघाच सांगेल. शहाणा मोजणीदार अशा शेताचे त्रिकोण पाडतो किंवा मधून लंब टाकतो. नाचणी, वरी, हरीक पिकणाऱ्या वरकस जमिनीत आणखी एक पेच असतो. काठी उतारावर टेकवीत गेले तर लांबी जास्त येते, आडवी धरली तर कमी. तीस अंशांच्या चढावर उताराने मोजलेल्या वीस काठ्या आडव्या मापाने सव्वासतराच भरतात.

केवळ क्षेत्र मोजून भागणार नाही, हे अण्णाजींना उमगले होते. गणिताच्या कोरड्या हिशेबापेक्षा येथे त्यांच्यातला कोकणी वतनदार कामास आला, असे मला वाटते. बिघा सगळीकडे सारखा, पण पीक सारखे नाही. बारमाही ओलाव्याच्या मळ्यातला बिघा आणि कातळावरच्या मातीच्या पातळ थरातला बिघा यांवर सारखा धारा बसविणे म्हणजे मोजणीच्या नावाखाली अन्यायच. म्हणून तळकोकणच्या जमाबंदीत जमिनीच्या प्रती लावण्यात आल्या. अव्वल, दुय्यम अशा भातजमिनी, भरतीच्या पाण्याने खारावलेली खाजणे, खडकाळ जमीन, झाडांच्या बुंध्यांनी अडलेली जमीन, असे मिळून बारा प्रकार ध्यानात घेतले गेले. एकोणिसाव्या शतकात दक्षिण कोकणची पाहणी करणारा इंग्रज अधिकारी टॉमस बेस्ट जर्विस याने या जुन्या जमाबंदीची तपशीलवार नोंद केली आहे. दीडशे वर्षांनंतरही ती पद्धत नोंदण्याइतपत जिवंत होती, हे त्यातून दिसते.

मोजणीची पुढली पायरी म्हणजे पिकाचा अंदाज. याबाबत रोहिडखोऱ्यातील वतनदारांना अण्णाजींनी पाठविलेले आज्ञापत्र उपलब्ध आहे. देशमुख, देशकुलकर्णी, पाटील आणि गावचे चार जाणते लोक यांना बरोबर घ्यावे, शिवारात फिरावे, जमीन आणि पीक पाहून आकार ठरवावा, मग आपण स्वतः एखाददुसऱ्या गावी येऊन तो ताडून पाहू आणि त्या नमुन्यावरून बाकीच्यांचे ठरवू, असा त्याचा आशय आहे. सगळी गावे स्वतः तपासणे शक्य नाही, पण कोणते गाव तपासले जाईल हे आधी कोणाला कळू द्यायचे नाही, हा हिशेबनिसाचा जुना डावपेच त्यामागे दिसतो. उत्पन्नाचे पाच वाटे करून तीन रयतेला आणि दोन सरकारला, ही सभासदाने सांगितलेली विभागणी. दोन पंचमांश हा भार हलका नव्हे. परंतु वतनदारांच्या परस्पर उकळण्या बंद करून, त्यांचे हक्क ठरवून देऊन, हा एकच आकार घ्यावयाचा, असे धोरण होते. देशमुखांनी बांधलेले वाडेहुडे पाडून त्यांनी सामान्य रयतेसारखे राहावे, असा दंडक महाराजांनी घातला, तो याच धोरणाचा भाग.

हे सारे कागदावरच राहिले नाही, याची साक्ष रत्नागिरी जिल्ह्यातच मिळते. मामले प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास महाराजांनी सप्टेंबर १६७६ मध्ये लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. गावोगाव फिरून कुणबी गोळा करावेत, ज्याच्याजवळ बैल नाहीत त्याला बैल द्यावेत, ज्याच्या घरी दाणा नाही त्याला पोटापुरता आणि बियाण्यापुरता दाणा द्यावा, दिलेल्याची मुद्दल तेवढी हळूहळू वसूल करावी, वाढीदिढी लावू नये, यासाठी लाख-दोन लाख लारी खर्च झाल्या तरी चालेल, असे त्यात बजाविले आहे. मोजलेल्या बिघ्याला अर्थ येतो तो त्यात नांगर चालला तर. पड बिघा दप्तरात कितीही नेटका लिहिला, तरी सरकारी कोठारात त्यातून दाणा येत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १६७० च्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर हिंडलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने शिवशाहीच्या वसुलीचे चित्र काळेकुट्ट रंगविले आहे. त्याच्या लिहिण्याप्रमाणे जमिनीचा धारा पूर्वीच्या दुप्पट झाला होता आणि तो न कबूल करणाऱ्या देसायांना कैद होत असे. इंग्रजांच्या वखारीतल्या वर्तुळात वावरणाऱ्या फ्रायरने जे ऐकले ते बहुधा ज्यांचे उत्पन्न बुडाले त्या देसायांच्या तोंडून. तरीही ते सर्वस्वी टाकाऊ ठरत नाही. लढायांचा खर्च वाढत होता, पैसा हवा होता, आणि काठी घेऊन शिवारात येणारा कारकून कोणत्याही काळात शेतकऱ्याला पाहुणा वाटलेला नाही. दडविलेली जमीन मोजणीत उघड होते. ती दडविणारा नेहमी देसाईच असतो असे नाही.

दप्तराच्या कामात गुंतलेले अण्णाजी तलवारीलाही अपरिचित नव्हते. मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने साठ मावळ्यांनिशी पन्हाळा सर केला. त्या मोहिमेची आखणी आणि पाठबळ अण्णाजींचे होते. जयराम पिंड्ये याच्या पर्णालपर्वतग्रहणाख्यानात त्यांचा उल्लेख आहे. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा ते अष्टप्रधानांत सचिव म्हणजे सुरनीस होते. राजपत्रांतील मजकूर तपासून शुद्ध करणे आणि महाल-परगण्यांचे हिशेब पाहणे, हे त्या पदाचे काम. हाती काठी धरणारे कारकून आणि त्यांच्या आकड्यांची झडती घेणारा सचिव, ही साखळी त्यांच्यापाशी पुरी होत होती. १६७७ मध्ये महाराज कर्नाटकाच्या स्वारीवर गेले, त्या सुमारास राज्याचे जे विभाग झाले त्यांत चौलापासून दाभोळ, राजापूर, कुडाळ, बांदे, फोंडे येथपर्यंतचे तळकोकण अण्णाजींच्या हाती सोपविण्यात आले.

याच काळात युवराज संभाजीराजे शृंगारपुरास राहत होते. शृंगारपूर संगमेश्वरपासून फार दूर नाही. प्रभावळीचा सुभा युवराजांकडे आणि सभोवतीच्या कोकणचा कारभार सचिवांकडे, अशी ती स्थिती होती. तरुण, मानी राजपुत्र आणि वसुलाच्या आकड्यांवर करडी नजर ठेवणारा मुरब्बी कारभारी यांचे एकाच मुलखात जमणे कठीणच. दोघांच्या वैराची मुळे येथे शोधणारे अभ्यासक आहेत. त्यासंबंधी नाटकांनी रचलेल्या कथांना मात्र समकालीन आधार नाही. १६७८ च्या अखेरीस संभाजीराजे दिलेरखानाच्या गोटात गेले आणि वर्षभराने परतले. या प्रकरणाने प्रधानमंडळाचे मन त्यांच्याविषयी अधिकच कलुषित झाले.

३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे निधन झाले आणि अण्णाजींच्या आयुष्यातले हिशेब चुकू लागले. अल्पवयीन राजारामांना गादीवर बसवून संभाजीराजांना पन्हाळ्यावर कैद करावे, असा बेत प्रधानांनी रचला. अण्णाजी आणि मोरोपंत पिंगळे फौजेनिशी पन्हाळ्याकडे निघाले. सरसेनापती हंबीरराव मोहिते हे राजारामांचे सख्खे मामा, त्यामुळे ते आपल्या बाजूचे असा प्रधानांचा कयास होता. हंबीररावांनी नात्यापेक्षा गादीचा हक्क मोठा मानला आणि दोघा प्रधानांनाच कैद करून संभाजीराजांपुढे उभे केले. आयुष्यभर पीकपाहणीचे अचूक अंदाज करणाऱ्या अण्णाजींना एका माणसाचे मन वाचता आले नाही.

संभाजीराजांनी त्यांना तेव्हा जीवदान दिले, इतकेच नव्हे तर बंधमुक्त करून मुजुमदारीचे पद दिले. हिशेब जाणणारा माणूस राज्याला हवा होता. पण मने जुळली नाहीत. १६८१ मध्ये औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर आश्रयार्थ सुधागडाजवळ पालीस येऊन राहिला. त्याला हाताशी धरून संभाजीराजांना दूर करण्याचा कट शिजला. अकबरानेच ती बातमी राजांच्या कानी घातली. अण्णाजी, त्यांचे बंधू सोमाजी, बाळाजी आवजी चिटणीस, हिरोजी फर्जंद आदींना सुधागडाच्या परिसरात परळी येथे देहान्त शासन झाले. अण्णाजींना हत्तीच्या पायी देण्यात आले. ज्यांच्या हाती स्वराज्याचे दप्तर होते असे कितीएक अनुभवी हात एकाच वेळी नाहीसे झाले. पुढच्याच वर्षी औरंगजेब दक्षिणेत ठाण मांडून बसला असता ही उणीव किती जाणवली असेल, याचा अंदाज करता येतो. बाळाजी आवजींना दिलेल्या शिक्षेबद्दल पुढे येसूबाईंनी राजांपाशी खेद व्यक्त केल्याचे बखरी सांगतात. अण्णाजींसाठी तसे कोणी बोलल्याचे आढळत नाही.

१ फेब्रुवारी १६८९ रोजी संभाजीराजे मुकर्रबखानाच्या हाती सापडले ते संगमेश्वरी, अण्णाजींच्या वतनाच्या गावी. या योगायोगावरून लोकांनी नाना तर्क केले. तोपर्यंत अण्णाजींना जाऊन साडेसात वर्षे झाली होती, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

त्यांच्या काठीचे पुढे काय झाले? पेशवाईत कोकणात खोती बळावली. खोताने गावाचा एकूण आकार सरकारात भरायचा आणि कुळाकडून आपल्या मर्जीने वसूल करायचा, म्हणजे शिवकाळात मोडलेली मधली भिंत पुन्हा उभी राहिली. १८१८ नंतर इंग्रज आले. त्यांनी ३३ फुटी साखळी आणली. ३३ फूट बाजूचा चौरस म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. साखळीने शेते मोजली गेली, नकाशे निघाले, सर्व्हे नंबर पडले, पण रत्नागिरी जिल्ह्यातली खोती उठली नाही. तिचे नियमन करणारा कायदा १८८० मध्ये झाला. खोती नष्ट करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले आणि पुढल्या वर्षाच्या आरंभी कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. अखेर १९४९ च्या कायद्याने खोती रद्द झाली आणि शेत कसणारा कुणबी व सरकारी दप्तर यांच्यामधला माणूस बाजूला झाला.

आज संगमेश्वर तालुक्यातल्या सातबारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेले असते. आर म्हणजे दहा मीटर बाजूचा चौरस, गुंठ्याहून थोडा लहान. हेक्टर म्हणजे असे शंभर. भाऊबंदकीच्या वाटणीत बांधाची लांबी निम्मी केली म्हणून क्षेत्र निम्मे झाले असे समजणारे अजूनही भेटतात. भूमी अभिलेखचा मोजणीदार आता खांद्यावर काठी किंवा साखळी नव्हे, उपग्रहाशी बोलणारे यंत्र घेऊन येतो. बांधावर उभे राहिलेले दोन्ही पक्षांचे लोक यंत्राकडे थोड्या संशयानेच पाहतात आणि आकडा कागदावर उतरला की तो दोनदा वाचून घेतात.